सात वाजताचा भोंगा आणि आपला सीमाभाग

बेळगावहून धारवाडच्या दिशेनं निघालं की हायवेला लागूनच हलगा येतं. २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभं राहिलं ते याच हलगा-बस्तवाडच्या शिवारात. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन द्यायची नाही म्हणून इथले शेतकरी कित्येक वर्षं भांडतायत, त्यामुळं गावाचं नाव पेपरात नवीन नाही. डिसेंबर २०२५मध्ये मात्र ते वेगळ्याच कारणानं आलं. गावानं ठरवलं, रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजणार. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. नऊ वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं.

ही कल्पना त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या अग्रण धुळगावचं बघून घेतली. आणि सांगलीकडं तिची सुरुवात त्याच्याही आधीची. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तिथं बायकांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. भैरवनाथाच्या देवळावरून सात वाजता तो वाजायचा, साडेआठला परत. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांची तक्रार साधीच होती. कोरोनात शाळेनंच पोरांच्या हातात मोबाईल दिला, शाळा उघडली तरी तो हातातून सुटेना.

आम्हा शहापूरकरांना सांगलीकडून काही यायचं म्हटलं तर नवल वाटत नाही. १९४८पर्यंत आमचं शहापूर सांगली संस्थानातच होतं. माझं माहेर शहापूर, सासर निपाणीच्या बाजूला वेदगंगेच्या काठचं गाव, आणि सगळी नोकरी सरकारी मराठी शाळेत. म्हणजे पोरं आणि पडदा यांची ओढाताण मी घरातही बघितली आणि वर्गातही. मोबाईल कसा सोडवायचा यावर सल्ले देणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ही सवय आपल्या घरात कोणकोणत्या वेशात आली त्याबद्दल. कारण ती एकदम आली नाही, आणि प्रत्येक वेळी ती चोर म्हणून आली असंही नाही.

आपल्याकडचा पहिला पडदा कापडाचा. जत्रेत तंबू लागायचा, जमिनीवर बसून सिनेमा बघायचा. बेळगावात थिएटरं होती, ग्लोब, चित्रा, प्रकाश ही नावं आजही जुन्या माणसांच्या तोंडात आहेत. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, तेव्हा इथल्या थिएटरवाल्या रावसाहेबांशी त्यांची गट्टी जमली आणि 'गणगोत'मध्ये रावसाहेब कायमचे जाऊन बसले. तर सांगायचं ते हे, की त्या पडद्याला दार होतं. तिकीट काढून आत जायचं, तीन तासांनी 'समाप्त' आलं की बाहेर. सिनेमाचं वेड लागलेली माणसं तेव्हाही होतीच, खरं त्या वेडाला खिशातले पैसे आणि थिएटरवाल्याचं वेळापत्रक आपोआप आवर घालायचं. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. ही सवय काही सुटत नाही.)

मग रेडिओ. आमच्या घरी हातमाग होता. वडील मागावर, आई कांडी भरायला, आणि वर फळीवर रेडिओ. त्याचं लायसन काढायला पोस्टात जायला लागायचं. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं, सांगली १९६३ला. सीमाभागातल्या घरातली काट्याची ओढाताण या दोन केंद्रांची. सकाळी सांगली, दुपारी धारवाड, रात्री जे खरखर न करता लागेल ते. वडील कन्नड नीट बोलत नसत, धारवाडचं गाणं मात्र डोळे मिटून ऐकायचे. भाषेचं भांडण रस्त्यावर होतं, फळीवर नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेडिओनं कुणाचे हात अडवले नाहीत. धोटा इकडून तिकडं पळतच राहायचा. शहापूरची साडी विणली जायची ती गाण्याच्या संगतीनं.

टीव्ही आला तो गल्लीत एक. २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी सासरी होते. ज्यांच्याकडं टीव्ही त्यांच्या सोप्यात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. टीव्हीला हार, उदबत्ती. आता हसू येतं, खरं तेव्हा एका पडद्यापुढं साठ माणसं बसायची आणि संपल्यावर त्याच सोप्यात चहा व्हायचा. भांडणंही व्हायची, कोण पुढं बसला आणि कुणाच्या पोरानं तांब्या लवंडला यावरून. वर दिवे जायचे. वेदगंगेच्या अल्याड अंधार आणि पल्याड कागलकडं उजेड, कधी त्याच्या उलट. दिवे गेले की माणसं कट्ट्यावर येऊन बसायची. आजच्या भाषेत ज्याला डिजिटल डिटॉक्स म्हणतात, ते वीज मंडळानं आम्हाला वर्षानुवर्षं फुकट करून दिलं.

पुढचा टप्पा मात्र नाजूक आहे आणि त्यावर आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. १९८६ची कन्नडसक्ती ज्यांनी बघितली आहे त्यांना मी काय सांगू. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक तेव्हाच्या गोळीबाराची आठवण आहे. त्यानंतर कचेरीत कन्नड, बसवर कन्नड, सातबाऱ्यावर कन्नड. अशा घरात १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी आलं. 'आभाळमाया' लागली की माझ्या सासूबाई पदर सावरून बसायच्या, घरात पाहुणे आल्यासारख्या. मुंबई-पुण्याच्या माणसाला ती करमणूक वाटली असेल. आम्हाला ती आपल्या भाषेची रोज संध्याकाळी मिळणारी हजेरी होती. ज्या पोरांना शाळेत मराठीचा एखादाच तास, ती पोरं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' बघून शुद्ध मराठीत आजोबांना टोमणे मारायला शिकली. म्हणून सीमाभागातल्या मराठी घराला 'टीव्ही बंद करा' हे वाक्य इतकं सोपं नाही. आम्ही तो हट्टानं चालू ठेवलेला होता.

आणि मग २०१६चा सप्टेंबर, जिओ. नेट जवळजवळ फुकट झालं. पडदा सोप्यातून उठून प्रत्येकाच्या खिशात गेला. थिएटरचं दार गेलं, रेडिओची फळी गेली, मालिकेचा अर्धा तास गेला. बोट वर सरकवलं की पुढचा व्हिडिओ तयार, 'समाप्त' कधी येतच नाही. ज्यांनी तो बनवला त्यांनी तो तसाच बनवला आहे, तुम्ही उठू नये म्हणून. सातवीतलं पोर आणि सत्तरीची आजी दोघंही त्यात सारखीच सापडतात. म्हणून 'आजकालची पोरं' हा सूर मला पटत नाही.

कोरोनानं उरलंसुरलं कुंपण काढलं. आमच्यासाठी ते दिवस वेगळेच होते, कारण कोगनोळी नाक्यावर राज्याची हद्द अचानक खरीखुरी हद्द झाली. लेक कोल्हापुरात, आई निपाणीत, मधे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आणि पोलीस. २०२१मध्ये टेस्टचा रिपोर्ट असल्याशिवाय सोडत नव्हते. त्या काळात व्हिडिओ कॉल नसता तर कित्येकांनी आपल्या माणसाचं शेवटचं तोंडही बघितलं नसतं. कर्नाटकानं 'विद्यागम' काढलं, मास्तर देवळात, झाडाखाली जाऊन शिकवायचे. संसर्गाच्या भीतीनं ते २०२०च्या ऑक्टोबरात थांबलं. तिकडं सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२०पासून 'टिलीमिली' लागायचं, बालभारतीच्या पुस्तकांवर. आमची पोरं तेही बघायची. पुस्तक कर्नाटकाचं आणि पाठ महाराष्ट्राचा, खरं मराठीत कुणीतरी शिकवतंय एवढंच पुष्कळ होतं. म्हणजे बघा, मोबाईल आमच्या घरात पाटी म्हणून आला, पूल म्हणून आला. एवढं उपकारी वस्तूला कोण बाहेर काढणार?

निपाणीच्या विडी कामगार बायकांकडं बघून मला या सवयीची खरी किंमत कळली. विडीची मजुरी हजारावर असते. पूर्वी चार बायका एका सोप्यात सूप घेऊन बसायच्या, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. तोंड चालू, हात चालू. टीव्ही आला तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत वळायला त्या शिकल्या, हजार पुरे व्हायचे. मोबाईलला मात्र बोट लागतं. बोट मोबाईलवर तर विडी थांबली. आमच्या शेजारची एक जण मला म्हणाली, "बाई, दिसाला दोन-अडीचशे कमी भरूलेत. डोळं दुखतंय ते वेगळंच." तिनं स्वतःच तोड काढली. सकाळी सूप मांडलं की मोबाईल पिठाच्या डब्यात. वाजला तर ऐकू येतो, खरं हात पिठाचा करून घ्यायचा कंटाळा येतो. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४पासून याच दुखण्यासाठी 'शट' नावाचं क्लिनिक आहे, मोठे डॉक्टर बसतात. ही बाई तिथं कधी गेली नाही.

माझ्या घरात धक्का बसला तो वेगळ्या दिशेनं. २०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. नातू तेव्हा पाच वर्षांचा. भूक लागली की म्हणायचा, "दादी, मुझे भूख लगी है." घरात हिंदी बोलणारं कुणी नाही. हे सगळं कार्टूनमधलं. मराठीत सांग म्हटलं तर अडखळायचा, 'एकोणऐंशी' म्हणजे किती ते इंग्रजीत विचारायचा. ज्या पडद्यानं सासूबाईंना मराठी आणून दिली होती, तोच पडदा नातवाच्या तोंडातून ती काढून घेत होता. कर्नाटक सरकारला जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते एका निळ्या मांजरानं जमवलं. डोळे बिघडतात, झोप उडते, अभ्यास राहतो, हे सगळ्या जगाचं आहे. आपल्या सीमाभागातल्या घरांचं नुकसान यात एक जास्तीचं आहे.

जग आपापल्या परीनं लागलेलं आहेच. हलग्यात भोंगा सुरू झाला त्याच महिन्यात, १० डिसेंबर २०२५ला, ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्या पोरांना सोशल मीडियाची खाती ठेवायला कायद्यानं बंदी केली. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं २०२२मध्येच १८ वर्षांखालच्यांना मोबाईल नको असा ठराव केला होता. बंदीवर माझा फारसा विश्वास नाही. पोरांवर बंदी घालणारे आपण स्वतः ती बातमी मोबाईलवरच वाचत असतो. वडगावचं मला आवडलं ते यासाठी, की तिथं भोंगा सगळ्यांसाठी होता. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त मास्तर, पंचायतीची माणसं घरोघर फिरली. एकट्या घरानं मोबाईल बंद केला तर त्या घरातलं पोर शेजारी जाऊन बघतं. सगळ्या गावाचा बंद झाला तर बघायला जाणार कुठं? आपल्या जुन्या सवयी तरी एकेकट्यानं कुठं लागल्या होत्या. दिवेलागण सगळ्या गल्लीची एका वेळी व्हायची, म्हणून 'शुभंकरोती' म्हणायचं कुणाला जड गेलं नाही.

वडगावची बातमी वाचून आम्ही आमच्या गल्लीत २०२३च्या पाडव्याला हे सुरू केलं. भोंगा नाही, मारुतीच्या देवळातली घंटा. अकरा घरं, सात ते आठ, एकच तास. पाडवा झाला आणि नवव्या दिवशी आयपीएल लागलं. साडेसातची मॅच. अकराची चार घरं राहिली. पोरांचं एक वेळ सोडा, बापयेच सगळ्यात आधी फुटले. त्यांच्या मागोमाग सासवा, कारण मालिका नेमक्या सात ते नऊ. एक आज्जी स्पष्ट म्हणाल्या, "सून बोलत न्हाई माझ्याशी, ती मालिकेतली तरी बोलते. बंद करून काय करूं?" यावर उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले एवढंच.

दुसरी अडचण फोनची. कुणाचा पोरगा पुण्यात, कुणाचा दुबईत. त्यांना वेळ मिळतो तो आठच्या सुमाराला. उद्यमबागेतून, कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून येणाऱ्यांचं तेच. तेव्हा आयपीएल संपल्यावर नियम बदलला. देवळाच्या कट्ट्यावर एक बुट्टी ठेवली. ज्याला यायचं त्यानं मोबाईल आवाज चालू ठेवून बुट्टीत टाकायचा. वाजला तर उठून घ्यायचा, मनसोक्त बोलायचं, परत टाकायचा. कानाला लावायला मोकळीक, डोळ्याला नाही. हा फरक केल्यावर लोक टिकले. आज सात-आठ घरं नियमानं येतात. श्रावणात जास्ती, मॅचच्या दिवसांत कमी. पाऊस असला की सोप्यात.

आता त्या तासात करायचं काय, हा प्रश्न राहतोच, आणि मला वाटतं हलग्यालाही पुढं तोच येईल. नुसतं बंद करून बसलं की पोरं घड्याळाकडं बघत बसतात. इथं आपल्या भागाची श्रीमंती कामाला येते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी, आमच्याकडं कारदगा, या खेड्यांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, मंडप घालून, ग्रंथदिंडी काढून. शहरांना जमत नाही ते खेडी वर्गणी काढून करतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं, १८५७च्याही आधीचं. १९४६ला बेळगावच्या साहित्य संमेलनात माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तो पुस्तकवाल्या माणसांच्या मंडपात. एवढं सगळं पाठीशी असून आपल्या घरात पोरांच्या उंचीवर एक पुस्तकाची फळी नसते. आम्ही संमेलनातल्या स्टॉलवरून पोरांची चाळीसेक पुस्तकं आणली, देवळाच्या कपाटात ठेवली. पहिल्या महिन्यात वाचली कुणी नाहीत, चित्रं बघितली. मग मोठ्या मुली लहानांना वाचून दाखवायला लागल्या. दोन घरं कन्नड आहेत, त्यांनी कन्नड गोष्टींची पुस्तकं आणून त्याच कपाटात लावली. पोरं दोन्ही चाळतात.

नातवाला पुस्तकापेक्षा माती जास्त लागली. आपल्याकडं दिवाळीत किल्ले करतात ते काही नव्यानं सांगायला नको. बेळगावातल्या गल्ल्यांत त्याची चुरस लागते. गेली दोन वर्षं आमच्या गल्लीतली पोरं नवरात्र संपलं की त्या सातच्या तासात किल्ल्याला लागतात. पहिल्या वर्षी राजहंसगड केला, तो जवळचा, सगळ्यांनी बघितलेला. गेल्या दिवाळीत पारगड घेतला. वीस दिवस दगड, चिखल, पोत्याचं तरट. तटाच्या कडेनं मोहरी-आळीव पेरायचं काम नातवाकडं होतं. आणि बुरूज किती यावरून भांडण पेटलं. एक म्हणाला मोबाईलवर नकाशा बघू या. दुसऱ्यानं घंटा वाजलीय म्हणून हात धरला. शेवटी पारगडला जाऊन आलेल्या गल्लीतल्या एका काकांना घरातून उठवून आणलं. काका चिखलात काठीनं रेघा ओढत सांगत होते आणि पोरं त्यांच्या डोक्यावर वाकून बघत होती. नातू मधेच मला म्हणाला, "आज्जी, बुरूज एकोणऐंशी नाहीत गं, काका म्हणतात तेवढे मावायचे नाहीत." आठ कधीच वाजून गेले होते. बुट्टीत दोन फोन वाजत होते, ते त्यांच्या आया येऊन घेऊन गेल्या.